उभ्या गाडीची मुदत

बडोद्याच्या जुन्या वस्तीत कुठेही शिरा, दांडिया बाजारामागच्या गल्ल्यांत किंवा मांडवीच्या आसपासच्या पोळांत, अशी एखादी गाडी दिसतेच. टायर जमिनीला टेकलेले, काचेवर धुळीचा थर, वायपरखाली क्लासची भिजून वाळलेली पत्रकं, बॉनेटवर कोणाची तरी वाळत घातलेली गोधडी. गल्लीत कोणालाही विचारा, गाडी कोणाची ते लगेच सांगतील. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची होती. काका गेले, मुलगा अमेरिकेत असतो, काकू वर्षातले सहा महिने तिकडे. मालक सगळ्यांना ठाऊक आहे आणि गाडीची अडचणही सगळ्यांनाच होते. कचऱ्याची गाडी तिथे अडते, झाडूवाल्या बाईंचा झाडू तिच्याखाली पोचत नाही, गटाराचं झाकण नेमकं तिच्या पोटाखाली येतं. तरीही वर्षानुवर्षं ती तिथेच असते.

ही गाडी कोणी ठरवून एका सकाळी टाकून दिलेली नसते. आधी बॅटरी उतरते. मेकॅनिकला रविवारी बोलावू म्हणून राहून जातं. मग पितृपक्ष येतो, मग घरातलं लग्न, मग पावसाळा. विम्याची तारीख उलटते. विमा नाही म्हणून गाडी बाहेर काढायची नाही, आणि बाहेर निघत नाही म्हणून विमा भरायचा नाही, असं चक्र सुरू होतं. तेवढ्यात नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी २०२२च्या एप्रिलपासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली, त्यामुळे तोही विचार पुढे ढकलला जातो. यातली प्रत्येक दिरंगाई लहान आणि समजण्यासारखी आहे. मालकाच्या लेखी गाडी अजून चालूच असते, फक्त दुरुस्ती राहिलेली असते. सगळ्या दिरंगायांची बेरीज मात्र गल्लीच्या वाट्याला येते.

मला वाटतं, प्रश्नाचं मूळ इथे आहे. उभ्या गाडीला मुदत नाही. ती किती वेळ उभी राहू शकते हे तिला स्वतःला कळत नाही आणि तिच्याभोवतीच्या माणसांनी कधी ठरवलेलं नाही.

पूर्वी ही मुदत वाहनातच होती. सयाजीरावांच्या बडोद्यात टांगे होते, शिग्राम होते, बैलगाड्या होत्या. टांगा दुपारभर कुठेही उभा राहील, पण संध्याकाळी घोड्याला चारा आणि पाणी लागणारच. जनावर भुकेलं की मालकाला यावं लागे, आणि जनावर गेलं की रस्ता मोकळा होई. मोटार उभी असताना काहीच मागत नाही. तिला भूक नाही, ती ओरडत नाही, मालक महिनाभर फिरकला नाही तरी तिचं बिनसत नाही. आपण जनावर गाडीपासून सोडवलं तेव्हा त्याच्याबरोबर रोजची आठवणही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही आठवण आपण बसवली नाही.

गल्ल्या तर त्याच राहिल्या. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली बडोदा शहराच्या विकासावर अहवाल लिहिला. जुन्या वस्त्यांत सरसकट पाडापाड करून रुंद रस्ते काढायला त्यांचा सगळीकडेच विरोध असे, आणि मला तो आजही योग्य वाटतो. लाकडी खांबांचे वाडे आणि ओटे पाडून मोटारींना जागा करायची असेल, तर ते शहर बडोदं राहणार नाही. पण मग हेही मान्य करावं लागतं की गल्लीची रुंदी वाढणार नाही. जागा वाढत नाही तिथे वेळच वाटून घ्यावा लागतो.

बडोद्यात उभ्या गाड्यांची संख्या वाढायला आणखी एक कारण आहे, विश्वामित्री नदी. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. २०२४च्या ऑगस्टअखेरीस नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि समा, हरणी, कारेलीबाग, फतेगंज अशा भागांत पाणी घराघरांत शिरलं. अशा पुरानंतर मोटारीचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पाण्यातून निघालेली गाडी घाईने चालू केली की इंजिनच्या सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि आतले दांडे वाकतात. नव्या गाडीचा सर्वंकष विमा असतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे गेला की कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते, पैसे देते, आणि सांगाडा सहसा विकला जातो. जुन्या गाडीला मात्र बहुधा कायद्याने सक्तीचा तेवढाच, म्हणजे फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असतो. त्यात पुराच्या नुकसानीचा एक रुपया मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि भंगारात द्यायला मन होत नाही. अशी गाडी पुराच्या चिखलातून ढकलत दारापर्यंत आणली जाते आणि तिथेच राहते. म्हणून पुरानंतर गल्लीत अडकून राहते ती बहुतेक वेळा ज्याच्या हातात पैसा कमी त्याची गाडी. तिच्या मालकाकडे बोट दाखवण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे कायद्यात मुदतींची कमतरता मुळीच नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ सांगतं की सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेलं वा देखरेखीशिवाय ठेवलेलं वाहन गणवेशातला पोलिस अधिकारी उचलून नेण्याचा आदेश देऊ शकतो. मोडकी, जळालेली किंवा सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल, तर तेवढंही थांबायचं कारण नाही. उचलण्याचा खर्च मालकाचा. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवायचं, असं कलम ५५ म्हणतं. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असं केंद्रीय नियमांत आहे. दहा तास, चौदा दिवस, तीस दिवस, तीन महिने. इतक्या मुदती कागदावर आहेत, आणि गल्लीतल्या गाडीपर्यंत त्यातली एकही पोचत नाही.

कारण मुदत मोजायला कोणीतरी लागतं. दहा तास कधी सुरू झाले हे पोलिसाला कोण सांगणार? शेजारी सांगू शकतो, पण त्याला रोज त्याच जिन्यावरून चढायचं असतं. काकूंच्या मुलाच्या मुंजीला गेलेलो आहोत, त्यांनी आपल्या आजारपणात डबे पाठवलेले आहेत, आणि काकांच्या गाडीवर क्रेन बोलावायची? हा संकोच मला खोटा वाटत नाही. चांगल्या शेजारातूनच तो येतो. मात्र त्या संकोचाची किंमत तिसराच कोणी मोजतो. गुजरातमध्ये १०८ची रुग्णवाहिका २००७च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. अशा गाडीमुळे ती गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते, आणि पुढचं अंतर माणसाला स्ट्रेचरवर उचलून न्यावं लागतं. पावसाळ्यात गाडीच्या खड्ड्यांत, उघड्या टायरात, खचलेल्या ताडपत्रीत पाणी साचतं. एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. डेंग्यूचा ताप येतो तो बहुतेकदा गाडीशी काही संबंध नसलेल्या घरातल्या मुलाला.

पण हेच शहर तारीख मिळाली की काय करतं तेही आपण पाहतो. कार्तिकात विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो, नरसिंहजींचा निघतो. भाद्रपदात गणपती निघतात, आणि बडोद्याचा गणेशोत्सव मराठी घरांपुरता कधीच उरलेला नाही. मिरवणुकीचा मार्ग आणि दिवस पोलिस आधी जाहीर करतात. आदल्या रात्री गल्लीतली माणसं गाड्या काढतात. बंद पडलेली गाडीसुद्धा चार पोरं मिळून ढकलत नेतात, आणि तेव्हा कोणाचा कोणावर राग होत नाही. तिथे गाडी हलवायला सांगणारा शेजारी नसतो, तारीख असते. ती सगळ्यांना सारखी लागू असते, म्हणून सांगणाऱ्याला अवघड वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला अपमान वाटत नाही. वाईट इतकंच की वरघोडा गेला की गाडी परत आपल्या जागी येते.

दुसऱ्याच्या दारासमोर 'पाचच मिनिटं' म्हणून लावलेली चालती गाडीही याच जातीची आहे. तिथेही मुदत बोलण्यापुरतीच असते, ती मोजणारा कोणी नसतो. सोसायट्यांमध्ये तर अडचण आणखी वाढते. कलम १२७ सार्वजनिक जागेला लागू होतं, म्हणजे जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशा जागेला. फाटक लावलेल्या सोसायटीच्या आवारात पोलिसांची क्रेन सहसा येत नाही, तिथे सोसायटीच्या ठरावालाच काम करावं लागतं. वार्षिक सभेत पाहुण्याची गाडी किती तास, बंद गाडी किती दिवस, हे एकदा लिहून मंजूर केलं तर पुढची कित्येक भांडणं टळतात. जपानने १९६२ साली कायदाच केला की मोटार घेणाऱ्याने ती ठेवण्याची जागा आधी दाखवायची. त्याच कायद्याने रस्त्यावर दिवसा बारा तासांहून आणि रात्री आठ तासांहून जास्त एकाच जागी गाडी ठेवायला मनाई केली. आपल्या जुन्या पोळांत राहणाऱ्याकडे दाखवायला जागाच नसते, म्हणून पहिली अट इथे तशीच लावणं अन्यायाचं होईल. पण तासांची अट लावायला जागा लागत नाही.

गाडी उचलली की काम संपलं, असंही नाही. पोलिस ठाण्यांच्या आवारांत पाहा. अपघातातल्या, चोरीतल्या, दारूबंदीच्या गुन्ह्यांतल्या गाड्या एकमेकींवर गंजत पडलेल्या असतात, त्यांतून वेली उगवलेल्या असतात. याच राज्यातल्या सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट सांगितलं होतं की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. दंडाधिकाऱ्याने हमी घेऊन ती परत करावीत, आणि कोणीच दावा केला नाही तर लिलाव करावा. एवढं होऊनही बावीस वर्षांनी, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७मध्ये पुन्हा मुदती लिहाव्या लागल्या. चौदा दिवसांत मालाची नोंद आणि छायाचित्रं, त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. गल्लीतली गाडी उचलून आवारात नेली आणि तिथे तिला तारीख नसली, तर आपण फक्त ओझं एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर नेलं.

म्हणून महापालिकेकडून आणि पोलिसांकडून मला मोठी मोहीम नको आहे. मोहिमेत पन्नास गाड्या एका दिवशी उचलल्या जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि पुढच्या वर्षी पन्नास नव्या उभ्या असतात. मला हवा आहे वॉर्ड कार्यालयातला एक माणूस, जो महिन्यातून एकदा गल्ल्यांतून फिरेल आणि धूळ बसलेल्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवेल. कागदावर आजची तारीख, गाडी हलवण्याची तारीख, कार्यालयाचा फोन नंबर. त्या कागदाचा फोटो नोंदणीतल्या मालकाच्या मोबाइलवर जाईल. त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात मालकाला हवी असलेली माहिती छापलेली असेल. मालक हयात नसेल तर फॉर्म ३१ कुठे द्यायचा. कर्जाची नोंद अजून गाडीच्या नोंदणी पुस्तकात असेल तर बँकेकडून फॉर्म ३५वर सही कशी घ्यायची. २०२१च्या वाहन मोडीत काढण्याच्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली तर जमा प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या खाजगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. हे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगरच्याच कार्यक्रमात जाहीर झालं, पण गल्लीतल्या काकूंना ते अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. त्या भंगारवाल्याला गाडी देत नाहीत, कारण नंबर त्यांच्या नावावर राहील आणि उद्या काही झालं तर पोलिस आपल्या दारात येतील ही त्यांची भीती खरी आहे. नियमाच्या केंद्रात नोंदणी रीतसर रद्द होते, एवढं एक वाक्य त्यांना ऐकायला मिळालं तर अर्धा निर्णय तिथेच होईल.

आणि घरातल्या घरात करण्यासारखं एक काम आहे, त्याला क्रेन लागत नाही आणि वॉर्ड कार्यालयही लागत नाही. २०२१पासून गाडीच्या नोंदणीत वारसदाराचं नाव आधीच घालता येतं. वडील हयात असताना, ते स्वतः गाडी चालवत असताना, मुलाने एक संध्याकाळ बसून तेवढं नाव भरून घ्यावं.