श्वासाची किंमत कोण मोजतं?

"पैशाकडे बघू नका, बाळ वाचवा." हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मला ते अपुरं वाटतं, कारण किंमत फक्त रुपयांत मोजली जात नाही.

१९४०-५०च्या दशकांत अमेरिका-युरोपात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देत. त्यातून हजारो बाळांची दृष्टी गेली. मग ऑक्सिजनवर कडक मर्यादा आली. अंधत्व घटलं, पण श्वासाविना दगावणारी बाळं वाढली. म्हणजे डॉक्टरांचा हेतू दोन्ही वेळा चांगला होता, किंमत मात्र बाळांनी मोजली.

व्हेंटिलेटरही असाच. तो जीव वाचवतो, पण नाजूक फुप्फुसांना इजाही करू शकतो. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी 'सीपॅप'चा मार्ग दाखवला. यात बाळ स्वतःच श्वास घेतं. हवेचा सततचा हलका दाब फुप्फुसं मिटू देत नाही. 'बबल सीपॅप'मध्ये हा दाब कसा राखतात? नळीचं टोक पाण्यात पाचेक सेंटिमीटर बुडवून! प्रत्येक बाळाला हे पुरत नाही, पण अनेकांना पुरतं, आणि तेही खूप कमी खर्चात.

म्हणून "या बाळावर एवढा खर्च करावा का?" हा प्रश्न मला उशिराचा वाटतो. त्याआधी विचारायला हवं: स्वस्त उपाय जवळच्या सरकारी दवाखान्यात, पहिल्या काही तासांत मिळाला का? तो मिळाला नसेल, तर आईबापांसमोरचा तो पेच नशिबाने नाही, आपणच उभा केलेला असतो.