आकाशातील मौन

"ताऱ्यांवरून आजवर कोणाचा शब्द आला नाही, त्याअर्थी देवाने बुद्धिमान प्राणी पृथ्वीवरच निर्माण केले," असे काही उपदेशक बंधू सांगतात. हे अनुमान आम्हांस उतावळेपणाचे वाटते. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक ह्यांनी रेडिओ-दुर्बीण दोन ताऱ्यांकडे लावली. काही ऐकू आले नाही. १९७४ साली आरेसिबोहून एका दूरच्या तारकागुच्छाकडे संदेश धाडिला. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही तो पोहोचावयास सुमारे २५,००० वर्षे लागतील, आणि उत्तर यावयास तितकीच! नदीपलीकडे एक हाक मारून तीर ओसाड आहे असे कोणता वाटसरू म्हणेल? आपण हरवलेले होतो म्हणून ख्रिस्त आला; अन्यत्र कोणी असल्याने त्यात काही उणे होत नाही. तेव्हा मंडळीत कोणी विचारल्यास, शास्त्रलेखांत ह्याविषयी सांगितलेले नाही, एवढेच उत्तर द्यावे.