गांव कशानें गांव होतें?

ज्या वस्तीस नगराचा दर्जा नाहीं, जिच्याजवळून आगगाडी जात नाहीं, आणि जिचीं मुलें एकामागून एक शहराकडे निघून जातात, तिला गांव म्हणावें काय? ह्या प्रश्नाचा विचार अमेरिकेंतील कॅन्सास संस्थानच्या निकोडेमस नामक वस्तीवरून करूं.

1877 सालीं केंटकी संस्थानांतून, गुलामगिरींतून सुटलेले सुमारें 300 काळे लोक तेथें येऊन राहिले. जाहिरातींत त्या भूमीची मोठी वाखाणणी होती. प्रत्यक्षांत लांकूड दुर्मिळ व घरें मुळींच नव्हतीं. म्हणून त्यांनीं जमीन खोदून तींतच निवारा केला. 1878 च्या वसंत ऋतूंत एका उपदेशकाची पत्नी विलियाना हिकमन तेथें पोहोंचली, तेव्हां गांव म्हणून तिला दाखविण्यांत आलें तें केवळ जमिनींतून निघणारा धूर! तें पाहून ती रडली. कांहीं कुटुंबें परत फिरलीं. राहिलेल्यांनीं जमीन फोडली, प्रार्थनामंदिरें व शाळा उभारिली. पहिल्या हिवाळ्यांत शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं त्यांस अन्न दिलें, असें तेथें परंपरेनें सांगतात.

पुढें आगगाडी यावी म्हणून त्यांनीं 1887 सालीं 16,000 डॉलरांच्या कर्जरोख्यांस मत दिलें. परंतु 1888 सालीं लोहमार्ग कांहीं मैल दक्षिणेकडून गेला, आणि दुकानदार आपलीं दुकानें घेऊन तिकडे गेले. 1953 सालीं टपालकचेरीहि बंद झाली. आज तेथें कायम राहणारे मोजकेच आहेत. तरी दरवर्षीं जुलईअखेर दूरदूरचे वंशज तेथें मुक्तीचा सण पाळावयास जमतात. आणि 1996 सालीं तें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलें.

कोणी म्हणेल, "आठवणीनें पोट भरत नाहीं." हें खरें आहे. रस्ता, शाळा, दवाखाना व सरकारदरबारीं नोंद हीं मागणें गांवाचा हक्कच आहे. आणि पोटासाठीं जो बाहेर गेला त्यास दोष देणें अन्याय होय. परंतु ह्या गोष्टी गांवाला साह्य करितात, गांव निर्माण करीत नाहींत. आगगाडी नसतां निकोडेमस वसलें होतें, व ती न आल्यावरहि तें सर्वस्वीं मोडलें नाहीं. जेथें लोकांनीं एकमेकांचा भार वाहिला, व ज्यांनीं तो वाहिला त्यांस पुढील पिढी ओळखते, तें गांव होय. म्हणून जाणें हा अपराध नव्हे. विसरणें हा मात्र अपराध आहे.

आपल्या मंडळीच्या नोंदवहींत बाप्तिस्मे व विवाह लिहिलेले असतात. पण विहीर कोणीं खणली, दुष्काळांत कोणीं कोणास दाणे दिले, पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरली, हें वृद्धांच्या तोंडींच आहे. आणि वृद्ध सदा राहत नाहींत. तर उपदेशक बंधूंनीं ह्याच आठवड्यांत एका म्हाताऱ्या आजीपाशीं वही घेऊन बसावें.