एकट्या आईच्या पदरात

वस्तीवरचं मूल तीन वर्षांचं होत आलं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. घरचे म्हणतात, बापही उशिराच बोलला होता. मग कुणी देवऋषी सुचवतं, कुणी ओळखीचा डॉक्टर, आणि वर्ष-दीड वर्ष हातचं गेल्यावर पुण्याची वाट धरली जाते. तिथे स्वमग्नतेचं निदान होतं आणि सोबत सल्ला मिळतो : आठवड्यातून तीन दिवस बिहेविअर थेरपी, दोन दिवस स्पीच थेरपी. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही लांब. पाऊण तासाच्या सत्रासाठी एसटीत अख्खा दिवस जातो. गर्दी आणि हॉर्न ज्याला सोसत नाहीत ते मूल तिथे पोचेपर्यंत चिडून थकलेलं असतं, आणि थेरपिस्टला त्याचं तेवढंच रूप दिसतं. काही महिन्यांत जाणं बंद पडतं. ‘पालक नियमित येत नाहीत’ असा शेरा फाइलवर राहून जातो.

जवळ केंद्र हवं ही मागणी रास्तच आहे. पण उद्या बारामतीत चार केंद्रं उघडली तरी निम्मंच काम होईल, असं मला वाटतं. मुलाचं वागणं घडतं घरात, आणि घरात एकटी आई नसते.

वर्तनोपचारात आधी एक गोष्ट बघतात : मुलाने काही करण्याच्या आधी काय घडलं आणि केल्यावर त्याला काय मिळालं. समजा, बिस्किटासाठी पोरगं भिंतीवर डोकं आपटायला लागलं. सून शिकवल्याप्रमाणे डोक्यामागे उशी सरकवते, बिस्किटाचं चित्र पुढे धरते आणि त्याने चित्रावर बोट ठेवायची वाट बघते. पाच मिनिटं जातात, सात जातात. आजीला ते बघवत नाही. ती पुडा फोडून हातात देते, लेकरू शांत होतं, आजीचा जीव भांड्यात पडतो. मुलाला मात्र एवढंच कळतं, की जास्त वेळ आपटलं की मिळतं. दुसऱ्या दिवशी ते जास्त वेळ आपटतं. आजीच्या मायेत खोट नाही. हे तिला कुणी समजावूनच सांगितलेलं नसतं, कारण केंद्रात तिला कधी बोलावलेलं नसतं.

हेच भरलेलं घर मोठं बळही ठरू शकतं. पँट घालायला शिकवण्याची एक पद्धत शेवटापासून सुरू होते. मोठ्या माणसाने पँट जवळजवळ कमरेपर्यंत चढवून द्यायची आणि शेवटची ओढ तेवढी मुलाकडून करवून घ्यायची. जमलं की लगेच शाबासकी. ते पक्कं झालं की गुडघ्यापासून वरचं काम त्याचं, मग घोट्यापासूनचं. दर वेळी शेवट त्याच्या हातून, म्हणून दर वेळी यश त्याचं. याला पदवी लागत नाही. आजोबांना जमतं, चुलतभावाला जमतं, आणि अंघोळीला, शाळेला, झोपताना रोज सराव होतो. इतका सराव कुठलंही केंद्र देऊ शकणार नाही.

या वर्तनोपचाराचा इतिहास मात्र डागाळलेला आहे, आणि तो पालकांना माहीत असायला हवा. इवार लोवास यांनी १९८७ मध्ये लॉस एंजेलिसचा जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १९ मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं होतं. त्यांतली ९ मुलं साध्या शाळेत पहिली पार करून गेली. पण त्या पद्धतीत मोठ्याने दटावणं होतं, प्रसंगी मांडीवर चापटही होती, आणि त्याआधीच्या प्रयोगांत विजेचे झटकेसुद्धा. पुढे मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनीच विचारलं, की आम्हाला तुमच्यासारखं दिसायला शिकवून आमच्या पदरात काय पडलं? हा प्रश्न मला शंभर टक्के पटतो. हात फडफडवल्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट मूल त्याने सावरतं. शिकवायचं ते हवं ते मागायला, नको ते नाकारायला, संडासला लागली हे सांगायला, रस्त्याच्या कडेला थांबायला. लग्नकार्यात पाहुण्यांसमोर ते ‘शहाण्यासारखं’ बसावं, हा आपला हट्ट असतो. तो मुलावर लादू नये.

उपचार घरापर्यंत नेता येतो याचा दाखला शेजारच्या गोव्यातच आहे. ‘संगत’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या कार्यकर्त्यांनी, मिळून एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुलं होती. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, तर शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा जात. पालक मुलाशी खेळतात त्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि दोघांनी बसून तो बघायचा : इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं होतं, तुम्ही गडबडीत पुढे गेलात. पालक मुलाच्या कलाने वागू लागले, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. पालक आणि मुलाने मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला. तरी दिशा कळते.

पण ‘पालकांचं प्रशिक्षण’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर आईच असते. धार काढायची, खुरपायला जायचं, दुसऱ्या लेकराचं बघायचं, वर ‘तुझ्याच माहेरात असं कुणी असेल’ हे ऐकायचं, आणि आता तिनेच थेरपिस्टही व्हायचं. असा उपचार टिकत नाही. बाई खचते, मग मूल मागे पडतं. कुटुंबाचा आधार म्हणजे तिला दिवसाकाठी तासभर मोकळा मिळणं आणि मुलाच्या बापाने पँटीची ती शेवटची ओढ शिकून घेणं.

कायद्याने बरंच दिलं आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती, २०१६ च्या कायद्याने ती २१ अपंगत्वांत घेतली. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायची असं ठरलं आहे. सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या टोळीतलं मूल या जाळ्यातूनही निसटतं, कारण ते हंगामापुरतं कोपीत आणि उरलेलं वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात असतं. त्याच्या तपासणीचा कागद त्याच्यासोबत फिरायला हवा.

राहतो तो तपासणीनंतरचा रिकामा काळ. तिथे गोव्यासारखी माणसं हवीत : अंगणवाडी ताईच्या शेजारी एक शिकवलेला कार्यकर्ता, पंधरवड्याला एक फेरी, अडलं तर बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना लावायचा एक फोन. आणि ही फेरी दुपारी नको. दुपारी घरात सून आणि मूल एवढीच असतात. माणसं रानातून परतल्यावर, रात्रीच्या लाइटीला दारं धरायला निघण्याआधी, बाप, आजी, आजोबा सगळे ओसरीवर असतील त्या वेळेला ती हवी.