शपथ वेदीपाशी, उपचार दवाखान्यात



प्रायश्चित्तकाळ आला की दारू सोडण्याची शपथ घ्यायला काही जण वेदीपाशी येतात. शपथ चांगलीच. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालं’, आणि देवऋष्याकडे नेतात. खरे कारण शरीराला लागलेली दारूची सवय अचानक तुटणे हे आहे. वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. म्हणून शपथेआधी डॉक्टरांना भेटा. नांदेडला विष्णुपुरी येथे आणि लातूरला शासकीय वैद्यकीय रुग्णालये आहेत; तिथे मनोविकार विभागात दाखवा. १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मग प्रार्थना कशाला? संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, देवाची कृपा मानवी स्वभाव मोडीत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. औषध शरीर सावरते. प्रार्थना रोज उभे राहण्याचे बळ देते. दोन्ही हवेत.

डब्लिनचा मजूर मॅट टालबट हा पक्का दारुडा होता. १८८४ साली, वयाच्या २८व्या वर्षी, त्याने शपथ घेतली, तीही आधी फक्त तीन महिन्यांची. तो रोज मिस्साला जाऊ लागला, खिशात पैसे ठेवणे त्याने सोडले. १९२५ मध्ये मरेपर्यंत, ४१ वर्षे, तो प्यायला नाही. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘आदरणीय’ घोषित केले.

आपणही एवढे करू शकतो. आजचा एक दिवस न पिण्याचे ठरवा. मजुरी मिळताच घरी द्या. गुत्त्याचा रस्ता सोडा. संध्याकाळी उपाशी राहू नका. तलफ आली तर फोन करता येईल असा एक माणूस ठरवून ठेवा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जा. तिथे नाव-गाव, धर्म कुणी विचारत नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही उपचार होतात.

घरच्यांनो, पाय घसरला तर टोमणे मारू नका; पुन्हा दवाखान्यात न्या. आणि आपण सर्वांनी बाप्तिस्मा, साखरपुडा, नाताळ यांत ‘एकच घे’ असा आग्रह करणे आजपासून थांबवावे. तो एकच पेला एखाद्याची वर्षभराची मेहनत बुडवतो.

ज्यांना बोलायचे आहे, त्यांच्यासाठी माझे दार उघडे आहे. पत्नी किंवा आई आली तरी चालेल.

प्रभू येशूमध्ये आपला,
धर्मगुरू