जडभरत आणि राजाची पालखी

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरताचे आख्यान आहे. हरिणाच्या पाडसात मन गुंतल्यामुळे भरत राजास हरिणाचा जन्म घ्यावा लागला. पुढील जन्मी पुन्हा आसक्ती जडू नये म्हणून तो वेडसर, बहिरा असल्यासारखा वागे. लोक त्याला जड म्हणत व राबवून घेत.

एकदा सिंधुसौवीर देशाच्या रहूगण राजाच्या सेवकांनी त्याला धष्टपुष्ट पाहून पालखीस जुंपले. पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून तो जमीन न्याहाळत चाले. त्यामुळे पालखी हिंदकळे. राजा त्याला टाकून बोलला. तेव्हा त्याने शांतपणे आत्मज्ञान सांगितले आणि राजा खाली उतरून त्याच्या चरणी लागला.

येथे एक प्रश्न उरतो. तो भोई खरोखरच मंदबुद्धी असता, तर राजाचे बोल योग्य ठरले असते काय? मुळीच नाही. जीवजंतूंना जपणारे त्याचे पाऊल तो बोलण्यापूर्वीही तितकेच पवित्र होते. निष्पापपणाला ज्ञानाच्या दाखल्याची गरज नसते. महाद्वारी एखादा वेडगळ भेटल्यास, तो सिद्धपुरुष आहे की नाही याची परीक्षा भाविकांनी पाहू नये. आधी स्वतःच्या पालखीतून खाली उतरावे.