हरले ते कोण?

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. सायंपूजा आटोपून आम्ही मठाच्या ओसरीवर बसलो होतो. दिवेलागण झाली होती. तेवढ्यात आमच्या एका जुन्या भक्तांचा नातू आला. मनमाड-काचीगुडा मीटरगेजच्या गाडीने मराठवाड्यातून जी कुटुंबे या गावात आली आणि रेल्वेच्या आधाराने येथेच रुजली, त्यांपैकी हे एक घर. मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याने शरणार्थी म्हणून नमस्कार केला, पण घशातून आवाज निघेना. ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

“अप्पा, आपण हरलो,” तो म्हणाला.

आम्हांला प्रथम काहीच उमगेना. मग कळले की त्याच्या महाविद्यालयाचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची काही मिनिटे उरली असता उजवीकडून चेंडू आला. आपल्याच बचावपटूने तो बाहेर काढण्यासाठी पाय लांबवला आणि चेंडू पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. खेळ संपला. ही गोष्ट चार दिवसांपूर्वीची होती आणि चार दिवस या मुलाला नीट झोप नव्हती.

आम्ही मठाधिपतीला शोभेल असा उपदेश केला. सुखदुःख, लाभालाभ, जय-पराजय समान मानावेत, खेळ तो खेळ, मनाला लावून घेऊ नये, वगैरे. मुलाने ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अप्पा, मागच्या वर्षी जिंकलो तेव्हा आम्ही पेढे घेऊन आलो होतो. तेव्हा नाही तुम्ही म्हणालात, समान माना म्हणून.”

खरे होते. पेढा आम्ही खाल्ला होता. एक नव्हे, दोन. वर “वा, आपल्या पोरांनी नाव काढले!” असेही म्हणालो होतो. विजयाच्या दिवशी पेढा आणि पराजयाच्या दिवशी वैराग्य, हा वेदान्त फार सोयीचा आहे. तो उपदेश आम्ही तेथेच मागे घेतला.

मुलगा मग बोलत राहिला आणि बोलता बोलता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आरंभी तो “आपण हरलो” म्हणत होता. दहा मिनिटांनी “ते हरले” म्हणू लागला. आणखी थोड्या वेळाने “त्यानं घालवला सामना” असे म्हणाला. ‘आपण’ पासून ‘ते’, आणि ‘ते’ पासून ‘तो’. हा उतार त्याच्या लक्षातही आला नाही.

येथे आपल्या भाषेची एक खुबी सांगितली पाहिजे. संस्कृतात ‘वयम्’ एकच. हिंदुस्थानीत ‘हम’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ निराळे आणि ‘आपण’ निराळे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. या गावच्या तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे. मराठीने तो दक्षिणेच्या शेजारातून घेतला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. (मठाधिपती स्वतःलाच ‘आम्ही’ म्हणतात, ती तिसरीच तऱ्हा. तिच्यावर न बोललेले बरे.) तेव्हा मराठी माणूस ‘आपण’ म्हणतो तेव्हा तो कोणाला आत घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, हे त्याच्या तोंडूनच कळते. विजयात ‘आपण’ म्हणणे फुकट असते. पराजयात जो ‘आपण’ म्हणतो त्याला त्याचे काही मोल द्यावे लागते, म्हणून तो शब्द तोंडात फार वेळ टिकत नाही.

फुटबॉल आमच्या काचीगुड्याला परका नाही. १९५० पासून १९६३ साली देह ठेवीपर्यंत भारतीय संघाला ज्यांनी शिकवले ते सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते आणि त्यांनी ज्या शाळांत शिकवले त्यांत काचीगुडा मिडल स्कूलही होती. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा चित्रपट आला, त्यामुळे नव्या मुलांना हे नाव ठाऊक झाले. जुन्यांना ते त्यापूर्वीच ठाऊक होते. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या काळच्या भारतीय संघातही हैदराबादचे खेळाडू पुष्कळ असत.

परंतु आज सांगायचे ते त्यांच्या विजयाविषयी नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्या संघाला दहा विरुद्ध एक अशा गोलांनी हरवले. चार वर्षांनी मेलबर्नला, १ डिसेंबर १९५६ रोजी, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला चार-दोन असे हरवले. त्यांतील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला तो आशियातील पहिला संघ. ४ डिसेंबरला समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया आला. अर्धा वेळ कोणाचाच गोल नाही. बावन्नाव्या मिनिटाला डिसूझाने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. दहा गोल खाल्लेल्या संघाने त्याच प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले, तेवढी दोन मिनिटे. मग बरोबरी झाली, मग एकामागून एक गोल होत गेले आणि शेवटचा, चौथा, आपल्याच एका खेळाडूकडून आपल्या जाळ्यात गेला. चार विरुद्ध एक. पुढे तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी गाठ पडली, तेथेही तीन-शून्य असा पराभव झाला.

“मेलबर्नला आपण चौथे आलो,” असे आजही कौतुकाने सांगतात आणि ते कौतुक रास्तच आहे. परंतु डिसूझाचा गोल ‘आपला’, आणि तो चौथा गोल? तो मात्र त्या एकट्या खेळाडूचा. त्याचे नाव कागदोपत्री नोंदलेले आहे, आम्ही येथे लिहीत नाही. चेंडू अडवायला जो धावला त्याच्याच पायाला तो लागणार. जो दूर उभा राहिला त्याच्या नावावर स्वयंगोल कधीच लागत नाही.

‘आपण’ मधून एखाद्याला बाहेर काढल्यावर पुढे काय होऊ शकते, याचे उदाहरण जगाने पाहिलेले आहे. १९९४ च्या विश्वचषकात २२ जून रोजी अमेरिकेविरुद्ध कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारने चेंडू अडवण्यासाठी अंग झोकून दिले आणि तो त्याच्याच जाळ्यात गेला. सामना दोन-एक असा गेला. २ जुलैला मेडेलिन या त्याच्या स्वतःच्या गावी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय सत्तावीस वर्षे. त्या हत्येमागे आणखी काय काय होते याविषयी मतभेद आहेत. परंतु ज्या देशासाठी तो धावला, त्या देशात तो दहा दिवस ‘तो’ होऊन राहिला होता, एवढे निश्चित.

हे ऐकताना मुलाने मान खाली घातली. मग हळूहळू खरे कारण बाहेर आले. त्याची झोप सामना गेल्यामुळे उडालेली नव्हती. गोलच्या मागे उभे राहून “पैसे खाल्ले, पैसे खाल्ले” अशी आरोळी त्यानेच प्रथम दिली होती. मागच्या पन्नासांनी ती उचलली. त्या बचावपटूचे वडील भाड्याची रिक्षा चालवतात, हे याला ठाऊक होते. त्याने पैसे खाल्लेले नाहीत, हेही ठाऊक होते. “मग का ओरडलास?” “ठाऊक नाही, अप्पा. तोंडातून गेलं.” तो खेळाडू चार दिवस महाविद्यालयात फिरकला नव्हता.

आमच्या वाचकांना आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा नव्याने सांगायला नको. महात्मा बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक. एके दिवशी तांदूळ अधिक सांडले होते, त्याने अधिक वेचून आणले. लक्कम्माने विचारले, ही आशा कोठून आली? जेवढे आपल्या कायकाचे, तेवढेच आपले. उरलेले जेथून आणले तेथे टाकून या.

लक्कम्मा मैदानाच्या कडेला उभी असती तर प्रेक्षकाला तिने काय विचारले असते? मागच्या वर्षीच्या विजयात तुझे कायक किती? पहाटे पाचला उठून धावलास? गुडघा फोडून घेतलास? ओरडलास, हे खरे. पण ओरड्यावाचून खेळ होत नाही असे नाही. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात, सारे मैदान भारताच्या विरोधात ओरडत असतानाही रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला दोन-एक असे हरवले. म्हणजे प्रेक्षकाच्या वाट्याचे तांदूळ मूठभर. मागच्या वर्षी त्याने पोते भरून नेले, पेढे वाटले. तेव्हा कोणी हिशेब मागितला नाही. यंदा खडे वेचायची पाळी आली तर म्हणतो, हे माझे नव्हेत, त्याचे.

येथे कोणी म्हणेल, मग प्रेक्षकाने ‘आपण’ म्हणूच नये. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. कायक न करताही दुसऱ्याच्या कष्टात मन गुंतणे हे माणसाचे भूषण आहे. तसे मन नसते तर कोणी कोणासाठी रडले नसते. लक्कम्माने तांदूळ वेचूच नका असे सांगितले नव्हते. आमचे म्हणणे एवढेच, की ‘आपण’ हा शब्द घेतला तर तो खड्यांसकट घ्यावा लागतो.

आम्ही हे त्याला सांगत होतो खरे, पण बोलता बोलता आमच्या जिभेला एक जुनी चव आली. पाठशाळेत असताना आम्ही श्लोकांच्या अंत्याक्षरीच्या स्पर्धेत होतो. तिघांचा गट होता. शेवटच्या फेरीत आमच्या सोबत्याला साधा श्लोक आठवेना. सबंध पाठशाळेला पाठ असलेला श्लोक, पण त्याच्या ओठांवर येईना. हरलो. त्या रात्री पंगतीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा होता. तो पाट आमचा. आम्ही दूर जाऊन बसलो. त्याला एक शब्द वाईट बोललो नाही, आणि पुष्कळ वर्षे याच गोष्टीचा आम्हांला अभिमान होता. तो पुढच्या वर्षी पाठशाळेत परतला नाही. त्यामागे घरची काही अडचण होती असे नंतर ऐकले. असेलही. तो आज कोठे आहे, ठाऊक नाही.

हे आम्ही त्या मुलाला सांगितले. उपदेश म्हणून नव्हे. त्याने इतके सांगितल्यावर आम्ही गप्प बसणे बरे दिसले नसते.

तो उठला, विभूती घेतली आणि काही न बोलता गेला. आठवड्याने पुन्हा आला. त्या खेळाडूच्या घरी गेलो होतो म्हणाला. त्याच्या आईने चहा दिला. तो आतून बाहेर आला आणि समोर बसला. बराच वेळ कोणी बोलेना. मग त्याने एकच विचारले, “तू कुठं उभा होतास?”

“मग काय सांगितलंस?” आम्ही विचारले.

“गोलच्या मागं होतो म्हटलं. पयली आरोळी माझी होती म्हटलं.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही, अप्पा. चहा निवला होता, तर आईला म्हणाला, ह्याला परत गरम करून दे.”